पुन्हा घेतली गेली आणि सकाळी सहाची ड्यूटी आहे

हे त्या माणसासाठी लिहितोय, जो सहा महिने, आठ महिने, वर्षभर दारूपासून लांब राहिला आणि काल रात्री पुन्हा प्यायला. शिवाय ज्याला सकाळी कामाच्या गेटवर श्वासातली दारू मोजणाऱ्या मशीनमध्ये फुंकायचं आहे. भुसावळच्या रेल्वे लॉबीत ड्यूटीवर हजर होताना (साइन-ऑनच्या वेळी) फुंकावं लागतं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. एसटीच्या चालकांची तपासणी होते. जळगाव-धुळ्याकडच्या कारखान्यांत बस, क्रेन, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांची होते. मी त्यांतलाच एक. कंपनीची स्टाफ बस चालवायचो. चौदा महिने सोबर होतो आणि एका जानेवारीत यावलकडच्या केळीच्या मळ्यात भरीत पार्टीला गेलो.

झालं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं बरंचसं मी त्यातूनच शिकलो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, थंडी होती, जुने सोबती होते. एकाने ग्लास पुढे केला, "ले ना भो, एक पेगमा काय व्हस!" मी घेतला. घरी पोचेपर्यंत एका पेगच्या दोन क्वार्टर झाल्या होत्या. सकाळी दोनदा दात घासले, लवंग चावली आणि सव्वापाचला गेटवर उभा राहिलो. मशीनने दाखवलं. मी म्हणालो, खोकल्याचं औषध घेतलंय. वीस मिनिटं बसवून पुन्हा फुंकायला लावलं, आकडा जवळपास तोच. दुपारी निलंबनाचा कागद हातात आला. त्यानंतर मी अकरा दिवस प्यायलो.

मळ्यातल्या रात्रीने केलं नाही एवढं नुकसान त्या खोकल्याच्या औषधाने केलं. खोटं बोललो म्हणून ते टिकवावं लागलं. टिकवायचं म्हणून दारू सोडणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपमधल्या कुणाचा फोन उचलला नाही. एकटा पडलो आणि पीत राहिलो. नव्या माणसाला मी पहिल्यांदा एवढंच सांगतो की पिणं वेगळं आणि लपवणं वेगळं. पिणं होऊन गेलं. लपवायचं की नाही, हे अजून तुमच्या हातात आहे.

आत्ता, या तासाला

बाटलीत उरली असेल तर मोरीत ओता. "आता घेतलीच आहे, तर आजची संपवू आणि उद्यापासून बंद" हा विचार येणारच, तो सगळ्यांना येतो. एका रात्रीची घसरण पंधरा दिवसांची होते ती याच विचाराने. तुमचे चौदा महिने किंवा चार महिने वाया गेलेले नाहीत. तेवढे दिवस यकृताला विसावा मिळाला, पोरांनी बापाला शुद्धीवर पाहिलं, संध्याकाळी सात ते नऊ कशी काढायची हे तुम्ही शिकलात. दिवसांची मोजणी नव्याने सुरू होईल, शिकलेलं मात्र पुसलं जात नाही.

मोटारसायकलची किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. पोटात काही नसेल तर वरण-भात, खिचडी, जे असेल ते खा आणि पाणी प्या. दारू लवकर उतरावी म्हणून नव्हे, रिकाम्या पोटी आणि थकलेल्या अंगाने माणूस चुकीचे निर्णय घेतो म्हणून.

मग एक फोन. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपच्या, मीटिंगला जात असाल तर स्पॉन्सरला (तुम्हाला आधार देणाऱ्या जुन्या सोबर सोबत्याला), नाहीतर ग्रुपमधल्या कुठल्याही मित्राला. रात्रीचे दोन वाजले असले तरी करा. काय बोलायचं याची चिंता नको: "मी घेतली. घरी आहे. सकाळी सहाची ड्यूटी आहे." एवढं पुरतं. समोरचा त्याच वाटेने गेलेला असतो, तो प्रवचन देणार नाही. असं कुणीच नसेल तर १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, मोफत क्रमांक आहे. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी सरकारची वेगळी हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४४६. हे दोन्ही आकडे आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. शरमेच्या रात्री शोधाशोध होत नाही.

सकाळपर्यंत उतरेल का

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून हिशोबच मांडतो. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेल्या दारूच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार पेग. "बिअरच तर होती" म्हणणाऱ्यांनी हे जरा मनात धरावं. मोहाच्या किंवा हातभट्टीच्या दारूचा हिशोब करूच नका. तिच्यात किती टक्के आहे आणि आणखी काय आहे, हे गाळणाराही सांगू शकत नाही.

यकृत तासाला सरासरी ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकामी करतं. कुणाचं थोडं कमी, कुणाचं जास्त. म्हणजे एका क्वार्टरला सहा ते नऊ तास. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर सकाळी सहाला अंगात असू शकते. अर्धी बाटली, म्हणजे ३७५ मिली घेतली असेल, तर दुसऱ्या दिवशीची संध्याकाळही कमी पडू शकते. माझ्या तर दोन क्वार्टर होत्या आणि मी लवंग चावत होतो.

लिंबू, ताक, कांदा, काळा चहा, पान, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. मशीन तोंडाचा वास मोजत नाही. रक्तातलं अल्कोहोल फुप्फुसात उतरतं आणि श्वासातून बाहेर पडतं, मशीन ते मोजतं. म्हणून वास झाकणाऱ्या गोष्टींचा आकड्यावर परिणाम होत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कंपनीचा नियम याहून कडक असू शकतो, बऱ्याच ठिकाणी शून्यच लागतं. पण हे आकडे मी "किती घेतली तर चालेल" हे काढण्यासाठी देत नाहीये. तुमच्या बसमध्ये चाळीस माणसं बसतात, क्रेनखाली पोरं उभी असतात. शंका असेल त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही. मशीनने शून्य दाखवलं, पण रात्रभर झोप नाही आणि हात कापतायत, तरीही नाही. कुणी घरी वापरायचं छोटं मशीन विकत घेऊन रोज सकाळी फुंकून बघतो. माझ्या मते ते घेऊ नये. स्वस्त मशीनचा भरवसा नसतो, आणि त्याच्या आधाराने माणूस सोडण्याऐवजी वेळ साधून प्यायला शिकतो.

ड्यूटीचा फोन

शिफ्टच्या आधी फोन करा. जितका आधी कराल तितका सुपरवायझरला दुसरा ड्रायव्हर काढायला वेळ मिळतो आणि तुमच्याबद्दलचा राग कमी राहतो. बोलायचं ते असं:

"साहेब, माझी तब्येत बरी नाही. मी आज गाडी चालवायच्या स्थितीत नाही. आजची रजा टाका, मी दवाखान्यात जाऊन कागद आणतो."

यात एकही शब्द खोटा नाही, आणि सगळं उघडही केलेलं नाही. तुमच्या आजाराचा तपशील फोनवर सांगायला तुम्ही बांधील नाही. मात्र आत्या वारली, पोरगा ॲडमिट आहे, असलं काही सांगू नका. खान्देशात कोण कुणाचा साडू आणि कोण कुणाचा मामेभाऊ हे चार तासांत कळतं, आणि मग पुढच्या वेळी खरोखर कुणी वारलं तरी विश्वास बसत नाही. फोननंतर तेच दोन ओळींत मेसेज करून ठेवा, म्हणजे न कळवता गैरहजर असा शेरा पडणार नाही.

एका दिवसाची बिनपगारी रजा परवडते. मी हे अर्धा पगार घेऊन महिने काढलेला माणूस म्हणून सांगतोय.

आणि "दवाखान्यात जाऊन" म्हणालात तर त्या दिवशी खरोखर जा.

गेटवर पोचलाच असाल तर

कधी कधी माणूस हिमतीने किंवा भीतीने गेटवर जातोच. रांगेत उभं राहिल्यावर आतून ठाऊक असतं. अशा वेळी मशीन तोंडाला लावण्याआधी सुपरवायझरला बाजूला घ्या आणि सांगा, "मी काल रात्री घेतली होती. मी आज गाडीला हात लावणार नाही." याने कारवाई टळेलच अशी खात्री मी देऊ शकत नाही. पण आपण होऊन सांगितलेलं आणि मशीनने पकडलेलं यांत चौकशीच्या वेळी फरक पडतो, आणि त्याहून मोठा फरक तुमच्या स्वतःत पडतो. फुंकायला साफ नकार देणं मात्र चुकीचं. बहुतेक ठिकाणी नकार म्हणजे प्यायलेला, असंच धरतात.

उलटही होऊ शकतं. तुम्ही घेतलेली नाही आणि मशीन आकडा दाखवतंय. माउथवॉश, काही खोकल्याची औषधं, होमिओपॅथीचे थेंब यांत अल्कोहोल असतं आणि ते थोडा वेळ तोंडात रेंगाळतं. शांतपणे मागणी करा: साध्या पाण्याने चूळ भरू द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तपासा. तोंडातलं असेल तर आकडा उतरलेला दिसतो. रक्तातलं असेल तर एवढ्या वेळात हटत नाही. तरीही वाद राहिला तर सरकारी दवाखान्यात रक्ततपासणीची लेखी मागणी करा. दोन्ही वेळचे आकडे, वेळ आणि मशीनचा क्रमांक लिहून घ्या. खरं असेल तेव्हाच हे करा. मी हाच मार्ग खोटं रेटायला वापरला आणि वीस मिनिटांत सगळ्यांसमोर उघडा पडलो.

सोबर राहणाऱ्याने अल्कोहोल नसलेलंच माउथवॉश आणि औषध घ्यावं. औषधाच्या दुकानात तसं विचारायला संकोच करू नका.

जिवावर बेतू शकतं ते इथे

हा भाग घाईत वाचू नका.

एक रात्र प्यायलात आणि थांबलात तर बहुतेकांना डोकेदुखी, मळमळ आणि खिन्नता यापलीकडे जात नाही. पण आठ-दहा दिवस रोज पीत असाल, किंवा पूर्वी दारू सोडताना कधी फिट आली असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. शेवटच्या घोटानंतर सहा तासांपासून हात थरथरणं, घाम, धडधड सुरू होते. साधारण दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम होऊ शकतो. माणूस भिंतीवर किडे बघतो, घरातल्यांना ओळखत नाही, ताप चढतो. यात वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो.

मला बाराव्या दिवशी अक्कल आली आणि मी घरीच, कुणाला न सांगता, बंद केली. दुसऱ्या दिवशी पहाटे मोरीत फिट आली. बायकोला वाटलं, साप चावला. कपाळावर सात टाके आहेत.

म्हणून थेट दवाखान्यात जा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे मानसोपचार विभागाची ओपीडी विचारा. जवळ काही नसेल तर ग्रामीण रुग्णालय गाठा. फिट, असंबद्ध बडबड, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, कापरं आणि ताप एकत्र, यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन. एप्रिल-मे महिन्यात आणखी जपा. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, अंगातलं पाणी आधीच गेलेलं असतं, त्यात घाम आणि उलट्या. मे महिन्यातली घसरण जानेवारीतल्यापेक्षा लवकर आडवं करते.

एक गोष्ट आवर्जून. गावाकडे दारू उतरवायला "सलाईन लावून घे" म्हणतात. लावा, पण सुई टोचण्याआधी डॉक्टरांना दारूचं सांगा. सतत पिणाऱ्याच्या शरीरात बी-१, म्हणजे थायमिन, कमी झालेलं असतं. थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. माहिती असलेला डॉक्टर आधी थायमिन देतो, पण तुम्ही सांगितलंच नाही तर त्याला कळणार कसं? मित्राकडच्या झोपेच्या गोळ्याही घेऊ नका. दारू आणि त्या गोळ्या एकत्र आल्या तर श्वास मंदावतो.

डॉक्टरांना काय सांगायचं

सगळं. किती, कधीपासून, शेवटची कधी घेतली, फिट आली होती का, आणि काम काय करता. शेवटची गोष्ट लोक विसरतात. थरथर थांबवायला देतात त्या गोळ्यांनी गुंगी येते, त्या चालू असेपर्यंत स्टिअरिंगवर बसायचं नाही. डॉक्टरांना म्हणा, "मी ड्रायव्हर आहे. किती दिवस गाडी चालवू नये ते लिहून द्या, आणि नंतर फिटनेसचं सर्टिफिकेट द्या." त्या दोन कागदांवर तुमची नोकरी उभी राहू शकते.

डॉक्टर कंपनीला सांगतील ही भीती बऱ्याच जणांना असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारूच्या व्यसनातून येणारे मानसिक त्रास आजार म्हणून धरले आहेत आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका वगैरे मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय ती बाहेर जाऊ नये. पगारातून ईएसआयसी (कामगार विम्याची वर्गणी) कापली जात असेल तर विम्याच्या दवाखान्यात जा. पुरेशा दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत.

सोडण्यासाठी गोळ्या आहेत. नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ओढ कमी करायला मदत करतात. डायसल्फिराम वेगळ्या प्रकारची. ती घेतल्यावर दारू प्यायली तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या दारूनंतर किमान बारा तास गेल्याशिवाय ती घ्यायची नसते आणि तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. घरातल्या बायकांना, आयांना माझी हात जोडून विनंती आहे: "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिरातीची पूड भाजीत कालवू नका. त्यात हेच औषध असेल आणि माणूस बाहेरून पिऊन आला, तर तो तुमच्या डोळ्यांसमोर जाऊ शकतो.

भरती व्हायचं असेल तर केंद्र निवडताना तीन प्रश्न विचारा. नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ येतात का, घरच्यांना भेटता येतं का. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे आणि तिथे गोडीगुलाबीने काम होतं हे महाराष्ट्राला माहीत आहे. मारहाण करून, कोंडून दारू सोडवतो म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नका.

नोटीस हातात आली तर

पहिल्या तासात काहीच ठरवू नका. राजीनामा तर नाहीच. "आत्ता राजीनामा दे, बदनामी टळेल" असं चांगल्या मनाने सांगणारेही भेटतात. कोऱ्या कागदावर सही करू नका. दुसऱ्याने सांगितलेला माफीनामा तिथल्या तिथे लिहून देऊ नका. नोटीस घ्या, "मिळाली" एवढंच लिहून तारखेसह सही करा आणि स्वतःची प्रत ठेवा.

कामावर नशेत असणं हे गैरवर्तन म्हणून बहुतेक स्थायी आदेशांत, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या लेखी नियमांत, लिहिलेलं असतं, तेव्हा कंपनी कारवाई करू शकते. पण कायम कामगाराला आरोपपत्र मिळायला हवं, उत्तराला वेळ मिळायला हवा आणि चौकशीत बाजू मांडता यायला हवी. चौकशी चालू असताना निलंबन असेल, तर स्थायी आदेश लागू असलेल्या ठिकाणी पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाहभत्ता म्हणून मिळतो. पुढे उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर ७५ टक्के. ठेकेदाराकडच्या पोरांचं कठीण असतं, त्यांना उद्यापासून येऊ नको एवढंच सांगतात. त्यांनी तर युनियनवाल्याकडे किंवा कामगार कार्यालयात लगेच जावं, हातात हजेरीचा, पगाराचा जो कागद असेल तो घेऊन.

२५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा लागतो. त्यांना भेटा. मी भेटायला गेलो तेव्हा दाराबाहेर पाऊण तास उभा होतो. आत गेल्यावर ते म्हणाले, "दवाखान्याचे कागद आणलेत का?" बस, एवढंच. मला वाटत होतं ते ओरडतील.

उत्तर लहान लिहा. काय झालं, ते कबूल आहे, उपचार कधीपासून चालू आहेत, सोबत कागद, आणि तोपर्यंत गाडीशिवायचं दुसरं काम द्यावं ही विनंती. साथीदारांची नावं घालू नका, घरच्या भांडणांची कहाणी घालू नका. माझ्या पहिल्या उत्तरात खोकल्याचं औषध होतं. दुसरं पत्र लिहून मी ते मागे घेतलं. चौकशी अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं. एक वेतनवाढ गेली, सहा महिने स्टोअरमध्ये पोती मोजली, आणि नोकरी राहिली. प्रत्येकाची राहतेच असं नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाची गेली. तो आज रावेरला केळीच्या गाड्या भरण्याचं काम बघतो आणि चार वर्षं सोबर आहे.

घरी

बायकोला आजच सांगा, मेल्यासारखं तोंड करून तीन दिवस हिंडण्यापेक्षा. तिला वासावरून आधीच कळलेलं असतं. शपथा घेऊ नका, देवाच्या तर नाहीच नाही. तिने त्या ऐकलेल्या आहेत. "काल घेतली, आज फोन केला, दुपारी दवाखान्यात चाललोय, तू येशील का?" असं बोला. ती चिडली, रडली, बोलली नाही, तरी ऐकून घ्या. पैशाचं मात्र स्पष्ट ठरवा. महिनाभर पगार आणि एटीएम कार्ड तिच्याकडे. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंग असतात. माझी बायको पहिल्यांदा गेली ती मला शिव्या घालायलाच. आता ती तिथे नव्या बायकांना चहा देते.

परत कामावर, आणि पुढचा हंगाम

मीटिंगला त्याच आठवड्यात जा आणि हात वर करून सांगा, घसरलो. नव्या माणसाला वाटतं, सगळे हसतील. खोलीत निम्म्यांनी हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं असतं. पहिले दोन-तीन महिने जमेल तितक्या मीटिंग करा.

मग कागद-पेन घेऊन बसा आणि ती रात्र उलटी लिहून काढा. ग्लासाच्या आधी काय झालं, त्याच्या आधी काय. माझ्या यादीत मळा सगळ्यात शेवटी आला. त्याआधी ओव्हरटाइमच्या चार रात्री होत्या, भावाशी बांधावरून झालेलं भांडण होतं, तीन आठवडे बुडवलेल्या मीटिंग होत्या, आणि त्या दिवशी दुपारी जेवलोही नव्हतो. भूक, राग, एकटेपणा, थकवा. या चारांपैकी दोन एकत्र दिसले की मी फोन करतो, तेव्हा प्यायची इच्छा नसली तरी.

आपल्याकडचे दिवस ओळखून ठेवा. पगाराची तारीख. लग्नसराईतली हळदीची रात्र. आखाजीला (अक्षय तृतीयेला) पत्त्यांचा डाव बसतो तिथे बाटली येतेच. सारंगखेड्याची यात्रा, घोडे बघायला गेलेली टोळी. डिसेंबर-जानेवारीतल्या भरीत पार्ट्या. अशा ठिकाणी जायलाच नको, असं पहिल्या वर्षी मी म्हणेन. दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी असेल तर नक्कीच नाही. पुढे जायचं ठरवलं तर स्वतःच्या गाडीने जा, म्हणजे निघायला कुणाची वाट बघावी लागत नाही. ग्रुपमधल्या एकाला निघताना आणि परतल्यावर फोन करायचं ठरवा. हातात आधीच पाण्याचा किंवा ताकाचा ग्लास ठेवा. आणि नकार एकच ठेवा, कारणं देऊ नका. "ॲसिडिटी आहे" म्हटलं की कुणीतरी गोळी काढतो. "नाही भो, मी घेत नाही" याच्यावर गोळी नसते.

पुन्हा स्टिअरिंगवर बसायची परवानगी मिळाली त्या सकाळी मशीनसमोर माझे हात कापत होते, पोटात थेंब नसताना. तुमचेही कापतील. दहा मिनिटं आधी जा, पाणी प्या, फुंका, आकडा डोळ्यांनी बघा आणि रजिस्टरवर सही करा. काही दिवस लोक तुमच्या सहीकडे बघतात. मग बघायचं सोडतात.

गेल्या जानेवारीत त्याच मळ्यातून पुन्हा बोलावणं आलं. मी दुपारी तीनला गेलो, वांगी भाजायला बसलो, डेखं (देठ) धरून साली काढल्या, मिरच्या-लसूण ठेचून दिला. दिवस मावळायच्या आत डबा भरून घेतला आणि निघालो. घरी कळण्याच्या पुऱ्या तयार होत्या. साडेनऊला झोपलो, कारण सकाळी सहाची ड्यूटी होती.